पावसाळ्याची छावणी आणि वंगणाची पाहणी

पेण आणि रोहे या दोन गावांचे व्यापारी वर्ष मोटाररस्ते पक्के होईपर्यंत आठ महिन्यांचेच होते. एक भोगावतीच्या काठी, दुसरे कुंडलिकेच्या. दोन्ही समुद्रापासून आत, परंतु भरतीच्या पाण्याने खाडीमार्गे मुंबईशी बांधलेली. पेणच्या अंतोरे बंदरात मीठ आणि भात मचव्यांत चढे, आणि हाच माल बैलांच्या पाठीवरून बोरघाटाने देशावरही जाई. पण मृग नक्षत्र लागून तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पडणाऱ्या पावसाचा अंमल सुरू झाला, की बंदरे ओस पडत आणि माणसांप्रमाणे वाहनेही घरी बसत.

ही विश्रांती म्हणजे आळस नव्हे, तो राज्यकारभाराचाही विषय होता. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात पर्जन्यकाळापूर्वीच आरमार कोणत्या बंदरात आणून छावणीस ठेवावे याचा विचार आहे. छावणीचे ठिकाण दरवर्षी बदलावे, म्हणजे एकाच मुलखाच्या रयतेस खलाशांचा उपद्रव होऊ नये, इतकी बारीक दृष्टी तेथे दिसते. सामान्य कोळ्याने आणि तांडेलाने हाच दस्तूर आपल्या ऐपतीप्रमाणे पाळला. होडी ओढून काठावर घ्यावी, झावळ्यांनी शाकारावी, आणि नारळी पौर्णिमेस पाण्यात लोटण्याआधी फळ्यांच्या सांध्यांतील कापूस बोटाने चाचपून, जेथे तो सुटला असेल तेथे नवा ठोकून, लाकडाला तेल पाजावे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडून सहाशेंहून अधिक माणसे गेली. भर आषाढात समुद्र काय करू शकतो हे या किनाऱ्याला ठाऊक होतेच. त्या दिवशी हा दस्तूर मोडल्याची फार मोठी किंमत मोजावी लागली.

या मुलखात फटफटी आली तेव्हा तिच्या वाट्याला हीच छावणी आली, असे माझे मत आहे. चिखलाचे गाडीरस्ते आणि खारेपाटातील मिठाची हवा यांपुढे पहिल्या मोटारसायकली पावसाळ्यात पडवीत उभ्या राहत, आणि दसऱ्याला झेंडूची माळ चढण्यापूर्वी त्यांची तपासणी होई. मद्रासेत १९५५ पासून तयार होऊ लागलेली बुलेट याबाबत मोठी फसवी. तिच्यात तेलाची टाकी निराळी आणि क्रँक फिरण्याचा कप्पा निराळा. गाडी महिनोन्महिने उभी राहिली, की टाकीतील तेल पंपातून हळूहळू झिरपून त्या कप्प्यात उतरे. झाकण काढून तेल मोजण्याची पट्टी पाहणाऱ्यास तेल कमी दिसे, तो वरून नवे ओती, आणि इंजिन सुरू होताच पंप खालचे सारे तेल टाकीत परत आणी. मग जास्तीचे तेल नळीवाटे बाहेर फेकले जाई आणि गाडीखाली डबके साचे. म्हणून जाणता मिस्त्री आधी काही मिनिटे इंजिन चालवून, तेल परत टाकीत आल्यावरच पट्टी बघे.

साठ आणि सत्तरच्या दशकांत जावा, राजदूत, बजाजची स्कूटर आणि १९७२ ची लूना यांनी हा रिवाज काही काळ निराळ्या वळणावर नेला. या दोन स्ट्रोकच्या गाड्यांचे वंगण पेट्रोलातच मिसळून जळून जाई, त्यामुळे इंजिनाच्या तळाशी तपासावे असे तेल राहतच नसे. गिअरचे तेल तेवढे वेगळे. त्यांची व्यथा कार्बोरेटरमध्ये असे: पावसाळाभर पेट्रोल उडून जाई, मागे चिकट तेल उरे, आणि किक मारून मारून पाय दुखल्यावर अखेर जेट साफ करावे लागे.

पट्टी घराघरांत परत आली ती १९८५ मध्ये हिरो होंडाच्या सीडी १०० बरोबर. जेमतेम लिटरभर तेल. तेच वंगण, तेच शीतक, आणि पावसाळ्याचे रोजनामेही तेच ठेवते. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या अशा गाडीला, बुलेटच्या उलट, प्रथम किक मारू नये, प्रथम पट्टी काढावी, हे मला फार महत्त्वाचे वाटते. तेल दुधाळ, चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. पातळी कमी असण्यापेक्षा ती वाढलेली असणे अधिक चिंतेचे: पेट्रोलचा वास येत असेल तर कार्बोरेटरची सुई गळत आहे आणि वंगण पातळ झाले आहे. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून तळाचा बोल्ट सैल केला की पहिले थेंब त्याचेच पडतात. २६ जुलै २००५ सारख्या अतिवृष्टीत पाण्याखाली गेलेल्या गाडीला तर तेल एकदा बदलून भागत नाही. नवे तेल घालून थोडे चालवून तेही काढावे लागते, कारण पहिले तेल धुण्याच्याच कामी येते. पाणी नसले, तरी मागील वापरात जळणातून आलेली आम्ले जुन्या तेलात मुरलेली असतात आणि बेअरिंगांना स्वस्थपणे खात बसतात. म्हणून जुने तेल काढून नवे घालून मग गाडी छावणीस ठेवणे हेच शहाणपणाचे. पातळी मोजताना गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी असावी, पट्टी पुसून, आटे न फिरवता नुसती टेकवावी.

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीने आणि नागोठण्याच्या पेट्रोरसायन प्रकल्पाने कामगाराचे वर्ष बारा महिन्यांचे केले. पाळीची वेळ पाऊस पाहत नाही, त्यामुळे रेनकोट चढवलेला गृहस्थ आषाढातही किक मारतो, आणि त्याच्या गाडीला छावणी ठाऊक नाही. उभी राहते ती मुंबईत नोकरी असलेल्यांची, आईवडिलांच्या पडवीत ताडपत्रीखाली ठेवलेली गाडी. पेणच्या कारखान्यांतून गणेशमूर्ती रवाना होण्याच्या दिवसांत असे चाकरमानी घरी येतात. बाजारात दूर्वा-फुले आणायला जाण्याची घाई असते, आणि ताडपत्री दूर होताच पाय थेट किकवर जातो. त्यांनी आदल्या संध्याकाळीच, उजेड आहे तोवर, पट्टी पाहावी. दुकाने उघडी असतात आणि गल्लीतला मिस्त्रीही सापडतो.