विजेवरील सायकलीला वेग घेण्यासाठी किती विद्युतप्रवाह लागतो?

विजेवर चालणारी सायकल सपाट रस्त्यावर एकसमान वेगाने धावत असताना बॅटरीतून जेमतेम ५ ते ६ अँपियर विद्युतप्रवाह घेते. मात्र सिग्नल सुटताच ती झटक्याने पुढे न्यायची असेल, तर हीच गरज काही क्षणांसाठी सहापट होऊ शकते. हा फरक विचारात न घेता बॅटरी, कंट्रोलर आणि तारा निवडल्यास तारा तापणे, बॅटरी अकाली निकामी होणे, क्वचित आग लागणे असे धोके संभवतात. आवश्यक प्रवाहाचा अंदाज मात्र शालेय भौतिकशास्त्राच्या आधारे आधीच बांधता येतो.

नियमांची चौकट

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, ज्या बॅटरीचलित वाहनाच्या मोटारीची ३० मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे, ते अधिकृत चाचणी संस्थेच्या प्रमाणनानंतर ‘मोटार वाहन’ मानले जात नाही. पुण्याची ‘एआरएआय’ ही अशा संस्थांपैकी एक आहे. येथे २५० वॅट ही मोटार अर्धा तास सलग देऊ शकेल अशी शक्ती होय. क्षणभर ती याहून अधिक शक्ती देऊ शकते. त्यामुळे २५० वॅटला ४८ व्होल्टने भागून येणारा सुमारे ५ अँपियरचा आकडा वेग घेण्याच्या क्षणी उपयोगी पडत नाही.

बलाचा हिशेब

सायकल आणि स्वार यांचे एकत्रित वस्तुमान १०० किलो आहे आणि ताशी २५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर, हा वेग ५ सेकंदांत गाठायचा आहे असे मानू. यासाठी दर सेकंदाला वेग १.४ मीटरने वाढला पाहिजे. वस्तुमानाला या त्वरणाने गुणले असता १४० न्यूटन बल येते. चाकांच्या घर्षणासाठी सुमारे १० न्यूटन आणि ७ मीटर वेगाला हवेच्या विरोधासाठी सुमारे १८ न्यूटन मिळवल्यास एकूण बल १६८ न्यूटन होते.

बल आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. अखेरच्या क्षणी ती सुमारे १,१८० वॅट भरते. मोटार आणि कंट्रोलर यांची एकत्रित कार्यक्षमता ७५ टक्के धरल्यास बॅटरीला सुमारे १,५७० वॅट पुरवावे लागतात. ४८ व्होल्टच्या बॅटरीतून यासाठी ३३ अँपियर, तर ३६ व्होल्टच्या बॅटरीतून ४४ अँपियर प्रवाह लागेल. दर १०० मीटरला ५ मीटर चढ असल्यास ४८ व्होल्टवर याच वेगाला आणखी ९ ते १० अँपियरची भर पडते.

मोटारीचा प्रवाह वेगळा

बॅटरीतून निघणारा प्रवाह आणि मोटारीत वाहणारा प्रवाह एकच असतो, हा समज चुकीचा आहे. मोटारीचा प्रवाह चाकाला द्यावयाच्या पिळावर, म्हणजे टॉर्कवर अवलंबून असतो. ३३ सेंटीमीटर त्रिज्येच्या चाकावर १५० न्यूटन बल निर्माण करण्यासाठी ५० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. अँपियरमागे १.४ न्यूटन-मीटर टॉर्क देणारी हब मोटार त्यासाठी सुमारे ३५ अँपियर घेईल. चाक हलण्यापूर्वी बॅटरीतून मात्र ५ अँपियरच निघत असतील, कारण तेव्हा प्रत्यक्ष कार्य घडत नसते. सर्व शक्ती मोटारीच्या वेटोळ्यांत उष्णता होऊन जाते. म्हणूनच चढावर सायकल अडकली असता मूठ पिळून धरल्यास मोटार जळण्याची भीती असते. अशा वेळी पायडल मारून मोटारीला हातभार लावणे हिताचे.

बॅटरीवरील ताण

या धावेत खर्च होणारी ऊर्जा नगण्य आहे. उष्णतेतील हानी धरूनही ती दीड वॅट-तासाच्या आत असते, तर ४८ व्होल्ट, १० अँपियर-तास क्षमतेच्या बॅटरीत ४८० वॅट-तास ऊर्जा असते. ताण येतो तो ऊर्जेच्या प्रमाणामुळे नव्हे, तर ती काढण्याच्या घाईमुळे. बॅटरीचा अंतर्गत रोध ०.१५ ओहम असल्यास ३३ अँपियरला व्होल्टेज ५ व्होल्टने घसरते आणि तेवढीच शक्ती देण्यासाठी प्रवाह आणखी वाढतो.

देशात २०२२ मध्ये विजेवरील दुचाकींना आगी लागण्याच्या घटना घडल्यानंतर केंद्र सरकारने तज्ज्ञ समिती नेमली आणि बॅटरीच्या सुरक्षेचे ‘एआयएस १५६’ हे मानक अधिक कठोर केले. या पार्श्वभूमीवर, मूळ बॅटरी तशीच ठेवून केवळ अधिक क्षमतेचा कंट्रोलर बसवणे धोक्याचे ठरते. अशा बदलामुळे सायकल नियमांतील सवलतीसही मुकू शकते.

सुवर्णमध्य

कंट्रोलरमध्ये बॅटरीच्या प्रवाहावर २० अँपियरची मर्यादा घातली आणि सुरुवातीचा टॉर्क तसाच ठेवला, तर वरील सायकल ५ सेकंदांऐवजी सहा सेकंदांच्या आत तोच वेग गाठते. तारांमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने कमाल प्रवाहाच्या वेळची उष्णता ४० टक्क्यांहूनही खाली येते. एका सेकंदाहूनही कमी विलंब स्वीकारला, तर बॅटरीवरील कमाल भार ३३ अँपियरवरून २० अँपियरवर आणता येतो.