झुंजारचं वय कुणी विचारलं नव्हतं

चर्चगेट-विरार फास्टने बोरिवली सोडलं की गर्दी कमी होत नाही, पण अंगं जागच्या जागी बसतात आणि तोंडं सुटतात. 2025 च्या फेब्रुवारीत ब्रॉकोली घराण्याने जेम्स बाँडच्या चित्रपटांची सूत्रं ॲमेझॉनच्या हाती दिली, जूनमध्ये डेनी व्हिलनव याचं नाव दिग्दर्शक म्हणून जाहीर झालं. तेव्हापासून आमच्या डब्यातल्या चार-पाच पोरांना विषयाची ददात नाही. बाँड ‘फ्रेश’ कसा करायचा? मी खिडकीशी बसून ऐकतो. ऐकून ऐकून माझ्या लक्षात आलं की पोरं एकमेकांच्या गळ्याला लागत असली तरी सगळ्यांनी एक गोष्ट न बोलता मान्य केलेली आहे. वाद घालण्याजोगी आहे ती तीच.

आधी पूर्वपक्ष नीट मांडतो, नाहीतर खंडन फुकट. लांबलेली हेरपटांची मालिका शिळी होते ती नायक शिळा झाल्यामुळे, म्हणून नायक नवा करा, असं हे मत. एकाला तिशीतला, कोरा चेहरा हवा. दुसऱ्याला बाँड पुन्हा 1960 च्या दशकात नेऊन सोडायचा आहे, मोबाइल नाही, ड्रोन नाही. तिसऱ्याला त्याच्या मनात शिरायचं आहे: बालपण, जखमा, एकटेपण. या मताच्या पाठीशी पुरावाही आहे. शॉन कॉनरी ‘डॉक्टर नो’त उतरला 1962 साली, बत्तिशीत. रॉजर मूर 1985 च्या ‘अ व्ह्यू टू अ किल’मध्ये सत्तावन्न वर्षांचा होता आणि ते पडद्यावर दिसत होतं. आणि सगळ्यांचा हुकमी पत्ता म्हणजे 2006: डॅनियल क्रेग आला, ‘कसिनो रोयाल’ने मालिकेला पुन्हा उभारी आली.

हा पत्ता मी आधी उचलून बघतो, कारण तो उलटा पडलेला आहे.

‘कसिनो रोयाल’ ही इयन फ्लेमिंगची पहिलीच बाँड-कादंबरी, 1953 ची. म्हणजे नवं करायला निघालेली मंडळी त्रेपन्न वर्षं जुन्या गोष्टीकडे गेली. त्या गोष्टीतला नायक त्यांनी फारसा हलवलाही नाही. तोच उद्धट, पत्त्यांच्या टेबलाशी बसणारा, प्रेमात फसणारा माणूस. बदललं काय? कादंबरीतला वैरी ल शिफ्र हा सोव्हिएत गोटातल्या एका कामगार संघटनेचे पैसे कुंटणखान्यांच्या धंद्यात घालून बुडवतो. चित्रपटातला ल शिफ्र दहशतवाद्यांचे पैसे शेअर बाजारात लावतो, विमान कंपनीचा भाव पडेल या हिशेबाने, आणि विमान वाचल्यामुळे गोत्यात येतो. दुसऱ्याचे पैसे बाजारात घालवून बसलेला, घामाघूम झालेला माणूस. तो आपल्याला कळायला लंडनला जावं लागत नाही. भिशीचे पैसे गिळून गाव सोडणारे सगळ्यांनी पाहिलेले असतात. ताजा झाला तो वैरी. क्रेगच्या निळ्या डोळ्यांचं श्रेय मी नाकारत नाही, पण याच क्रेगची निवड जाहीर झाली तेव्हा सोनेरी केसांचा बाँड चालायचा नाही म्हणून चाहत्यांनी बहिष्काराची भाषा केली होती, हेही विसरू नये.

नव्या चेहऱ्यानेच काम भागत असतं तर 1969 सालीच भागलं असतं. जॉर्ज लॅझेनबी तिशीच्या आतला, कोरा करकरीत. लोकांना फारसा रुचला नाही, एका चित्रपटानंतर तो स्वतःच बाहेर पडला, आणि 1971 मध्ये निर्मात्यांनी कॉनरीला परत आणलं. 1987 चा टिमथी डाल्टनही नवाच होता आणि फ्लेमिंगच्या बाँडच्या जवळचाही. तरी त्याचे दोनच चित्रपट झाले. त्यानंतरची सहा वर्षांची सुट्टी शिळेपणाने पडली असं पोरं छातीठोकपणे सांगतात. ती कोर्टकचेरीने पडली होती. दरम्यान 1991 च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ मोडला. शत्रूच गेला, आता हेराचं काय काम, असं जो तो म्हणत होता. 1995 च्या ‘गोल्डनआय’ने त्याला दिलेलं उत्तर साधं होतं: शत्रू बाहेरचा कशाला, बाँडच्याच खात्यातला, 006 क्रमांकाचा त्याचा दोस्त उलटा फिरवला. नवा नट पिअर्स ब्रॉस्ननही होताच, पण तो चित्रपट तगला तो या 006 वर.

आता घरचा दाखला. विरार स्टेशनातून पश्चिमेला आगाशीवरून पुढे गेलं की अर्नाळा लागतं. समोर खाडीच्या तोंडावर किल्ल्याचं बेट. या गावाचं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनी टोपणनावात घेतलं आणि बाबूराव अर्नाळकर म्हणून हजारावर रहस्यकथा लिहिल्या. 1936 ते 1984 असा त्यांचा लेखनकाळ गिनेसच्या पुस्तकात नोंदला गेला. त्यांचे धनंजय आणि छोटू, त्यांचा झुंजार, त्यांचा काळा पहाड हे त्या कथांचे नायक. या जवळजवळ पन्नास वर्षांत महायुद्ध झालं, इंग्रज गेले, संयुक्त महाराष्ट्र झाला, आणीबाणी आली आणि गेली. झुंजार झुंजारच राहिला. त्याचं वय काय, त्याचं बालपण कसं गेलं, त्याला कुठली जखम सलते, असलं कुठल्या वाचकाने विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. वाचनालयात पाळी लावून माणसं पुस्तक न्यायची ती झुंजार बदलला का हे बघायला नव्हे. आज तो कुणाच्या मागावर आहे, एवढंच त्यांना हवं असायचं.

यावर एक आक्षेप रास्त आहे आणि तो डब्यातल्या एका पोराने तोंडावर फेकलाही: मग अर्नाळकर आज वाचतं कोण? खरं आहे. पण झुंजार जुना झाला म्हणून नाहीसा झाला, हे मला पटत नाही. तो एका माणसाच्या हातचा होता, हात थांबला तसा थांबला. बाँड मात्र फ्लेमिंग 1964 मध्ये गेल्यावरही दुसऱ्यांच्या लेखणीतून चालू राहिला. किंग्जली एमिसने टोपणनावाने 1968 साली लिहिला, 1981 पासून जॉन गार्डनरने कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या लिहिल्या. आपल्याकडे नायक दुसऱ्याच्या हवाली करायची रीत रुजली नाही. या मुद्द्यावर माझी बाजू लंगडी आहे, आणि ती तशीच ठेवून पुढे जातो.

तिसऱ्या पक्षाचा, म्हणजे मनात शिरणाऱ्यांचा, मला खरा राग आहे. 2015 च्या ‘स्पेक्टर’मध्ये त्यांनी काय केलं? जगावर जाळं टाकून बसलेला ब्लोफेल्ड हा बाँडचा मानलेला भाऊ निघाला. बापाने बाँडवर जास्त माया केली म्हणून रुसलेला. जगाला असलेला धोका भाऊबंदकीवर आला. आमच्या वसईत वाडीच्या बांधावरून याहून मोठी भांडणं होतात. नायक खोल करायच्या नादात वैरी उथळ झाला. शेवटी 2021 च्या ‘नो टाइम टू डाय’मध्ये नायकालाच मारून टाकावं लागलं. हिंदीत याच्या उलट बघा. ‘पठाण’मधला वैरी जिम लक्षात राहतो, कारण त्याचं सरकारशी असलेलं वैर खरं वाटतं आणि त्याच्या हातातल्या रोगाचं नाव रक्तबीज आहे, ते नाव मराठी कानाला समजावून सांगावं लागत नाही.

साचाच मोडा म्हणणाऱ्यांना एक छोटी आठवण. बंदुकीच्या नळीतून दिसणारा, चालत येऊन गोळी झाडणारा बाँड ही या चित्रपटांची नांदी. 2008 आणि 2012 च्या चित्रपटांत ती शेवटी नेऊन टाकली. नवेपणा म्हणून. ‘स्पेक्टर’मध्ये मुकाट्याने पहिल्या जागी आणली. नांदी शेवटी म्हटल्याने नाटक नवं होत नाही, हे किर्लोस्करांच्या काळातल्या कुठल्याही नटाने फुकट सांगितलं असतं.

2008 चा तो चित्रपट म्हणजे ‘क्वांटम ऑफ सोलेस’. क्रेगच्या पाचांतला सगळ्यात टाकाऊ, यावर डब्यात एकमत आहे. पटकथाकारांच्या संपात तो सापडला, पटकथा अर्धीकच्ची राहिली, हे सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र त्या मालिकेतला सर्वात ताजा वैरी त्यातच दिसतो. डॉमिनिक ग्रीन बोलिव्हियात ओसाड जमीन मागतो. सगळ्यांना वाटतं, खाली तेल असणार. खाली असतं पाणी, त्याने अडवून ठेवलेलं; देश तहानला की त्याच्याच भावाने विकायचं. बोलिव्हियाच्या कोचाबांबा शहरात 2000 साली पाण्याच्या खाजगीकरणाविरुद्ध लोक खरोखरच रस्त्यावर उतरले होते. पाण्यासाठी काय हेरगिरी, असं तेव्हा पुष्कळांनी नाक मुरडलं. ती नाकं नळाला चोवीस तास पाणी असलेल्या घरांतली असणार.

मी तो चित्रपट पाहून रात्रीच्या गाडीने घरी आलो, तर सोसायटीच्या फाटकात टँकर उभा आणि खाली बायका-पुरुषांची भावाची घासाघीस चाललेली. ज्या वसईत वाडीवाडीला विहीर, रहाट आणि बावखल, म्हणजे छोटं तळं, होतं, तिथल्या विहिरींचं पाणी इमारतींसाठी टँकरने निघालं, त्याविरुद्ध गावं उठली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईची माणसं लढली. सूर्या धरणाच्या पाण्याच्या वाटेकडे आम्ही वर्षानुवर्षं डोळे लावून होतो. आम्हाला ग्रीन नवा नव्हता, फक्त त्याचा सूट नवा होता. आणि दिग्दर्शकाने काय केलं? ‘बॉर्न’च्या चित्रपटांसारखं दिसावं म्हणून सेकंदासेकंदाला कापाकापी केली, पाणी दिसलं न दिसलं तोच पुढची मारामारी. वैरी सोन्यासारखा हाती लागला होता, तो नायकाच्या नव्या चालीखाली झाकून टाकला.

याच वसईच्या भागात खरीखुरी हेरगिरी झाली, तिचाही चेहरा आपल्याला ठाऊक नाही. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली त्याआधी गंगाजी नाईक अंजूरकर आणि त्यांचे भाऊ कित्येक वर्षं फिरंग्यांच्या मुलखातल्या खबरा काढत आणि पेशव्यांकडे खेटे घालत होते. नाईक दिसायला कसे होते, तरुण होते की उतारवयाचे, हे कुणी विचारत नाही. किल्ला मात्र सगळे बघायला जातात.

हे सारं परवा मी पोरांना सांगितलं. नायगाव ते वसई रोड त्यांनी ऐकूनही घेतलं. शेवटी म्हटलं, नट कोण ते राहू द्या, नव्या चित्रपटात बाँड कशाच्या मागे लागणार ते मला सांगा. चौघे एकमेकांकडे बघायला लागले. एक जण म्हणाला, “काका, मुद्दा बरोबर आहे तुमचा,” आणि सॅक पुढे घेऊन दाराकडे सरकता सरकता मागे वळून त्याने पुन्हा एका नटाचं नाव घेतलं. तोवर नालासोपारा आलं होतं.