विसाव्याची पाटी

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. "सर, ब्लॉग बंद पडला की काय?" असं दोघातिघांनी विचारलं. ब्लॉग बंद पडलेला नाही, लिहिणाऱ्याचा हात कुरकुर करतोय, एवढंच. उजव्या हाताला कंप सुटलाय. चहाचा कप बशीत वाजतो आणि सही बँकेतल्या सहीशी जुळत नाही. असो. आजचा विषय तब्येत नाही. आजचा विषय आहे आमच्या फाटकावरची पाटी.

निवृत्त झाल्यावर अक्कलकुव्यात घर बांधलं तेव्हा त्याचं नाव 'विसावा' ठेवलं. (निवृत्त मास्तरांच्या घरांना दुसरी नावं सुचत नाहीत, हे कबूल!) पत्र्यावर ऑइलपेंटने पाटी मीच रंगवली होती. फळ्यावरच्या अक्षराचं थोडंफार कौतुक झालेलं होतं, त्यामुळे पेंटरला पैसे देणं जिवावर आलं. सातपुड्याच्या पायथ्याचा पाऊस मात्र कुणाच्या अक्षराची भीड ठेवत नाही. गेल्या पावसाळ्यात पत्रा गंजून पाटीचा अर्धा भाग गळून पडला. काही दिवस आम्ही नुसत्याच 'साव्या'त राहत होतो.

पुण्याच्या नातीला फोनवर सहज सांगितलं, तर ती म्हणाली, "आजोबा, मी करून देते ना! माझ्याकडे कटिंग मशीन आहे. तुम्ही फक्त तुमच्या अक्षरात लिहून फोटो पाठवा." हे क्रिकट नावाचं छोटं यंत्र आहे. प्रिंटरसारखंच दिसतं, पण शाईऐवजी त्यात पातं असतं. कॉम्प्युटर सांगेल त्या रेषेवरून ते कागद, प्लास्टिक, चिकटपट्टी कापत जातं. ती त्यावर आकाशकंदील, भेटकार्डं असलं काहीबाही करत असते.

मी म्हटलं, त्यासाठी पुणं कशाला? आपल्याकडे रेडियमवाला आहे की! (या रेडियममध्ये रेडियम अजिबात नसतं बरं का. चमकणाऱ्या चिकट प्लास्टिकला आपण ते नाव देऊन टाकलंय.) मोलगीकडे जाणाऱ्या जीपच्या काचांवर जी 'याहामोगी माता' किंवा 'आईचा आशीर्वाद' दिसते, ती अशाच प्लॉटरवर कापलेली असते. दुकानात गेलो. पोरगा ओळखीचा. मोबाईलवर टाइप केलेला शब्द त्याला पाठवला, त्याने तो त्याच्या जुन्या कोरलड्रॉत चिकटवला, आणि काय गंमत, पहिली वेलांटी 'व'च्या आधी यायची ती 'व'च्या नंतर, एका ठिपक्यांच्या गोलावर जाऊन बसली! युनिकोडची जोडणी त्या जुन्या सॉफ्टवेअरला कळत नाही. म्हणून ही मंडळी अजून जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप करतात.

"सर, श्रीलिपीत करून देतो, दोन मिनिटांचं काम," तो म्हणाला. मी खिशातून माझ्या हाताने लिहिलेला कागद काढला आणि विचारलं, "हे असंच्या असं कापता येईल का?" त्याने कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "येईल सर, ट्रेस करावं लागेल. पण..." पुढचं तो बोलला नाही. पोरगा सभ्य आहे. पण काय ते मला कळलं. कागदावरची शिरोरेषा डोंगरकड्यासारखी दिसत होती.

तयार फाँट घेतला असता तर काही बिघडलं नसतं. पण घरी येताना मनात एक प्रश्न अडकून बसला. आपण काढलेलं यंत्राच्या पोटात घालायचं म्हणजे नेमकं काय होतं? सवयीने शोधाशोध केली, आणि हा इतिहास माझ्या कल्पनेपेक्षा जुना निघाला.

तुमच्यापैकी जे शाळेत होते त्यांना सायक्लोस्टाइल आठवत असेल. मेणाचा थर दिलेला तो पातळ कागद, ते स्टेन्सिल. आम्ही 'स्टेन्सिल कापणे' असंच म्हणत असू. टाइपरायटर नसेल तेव्हा मराठीची प्रश्नपत्रिका मी लोखंडी टोकाच्या लेखणीने स्टेन्सिलवर लिहायचो. टोकाने मेण खरवडलं जायचं आणि तिथून शाई पाझरायची. यात एक खोड होती. 'व', 'ब', 'क' अशा बंद पोटाच्या अक्षरांवर जरा जोर पडला की पोटातला तुकडाच निखळायचा आणि छापल्यावर तिथे काळा ठिपका. परीक्षेत मुलं विचारायची, "सर, हा शब्द काय आहे?"

या लेखणीचा एक पूर्वज म्हणजे एडिसनची विजेची लेखणी. १८७६ साली तिचं पेटंट निघालं. लेखणीच्या डोक्यावर इवलीशी मोटर आणि टोकाला वेगाने वरखाली होणारी सुई. तुम्ही लिहीत जायचं, ती कागदाला भोकं पाडत जायची, मग त्या कागदावरून शाईचा रूळ फिरवला की प्रती तयार. पुढे डेव्हिड गेस्टेटनर या मूळच्या हंगेरीच्या माणसाने लंडनमध्ये दातेरी चाकाच्या लेखणीने तेच काम साधलं, आणि आमच्या शाळेपर्यंत त्याची परंपरा पोहोचली. एडिसनची लेखणी कचेऱ्यांत फार काळ टिकली नाही, पण १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली याने त्याच कल्पनेवर गोंदण्याच्या विजेच्या यंत्राचं पेटंट घेतलं. आपल्याकडच्या जत्रांत गुर्रगुर्र आवाज करत गोंदणारं जे यंत्र असतं ना, ते त्याच घराण्यातलं! आता बघा, या सगळ्या साधनांत यंत्र थेट हाताला चिकटलेलं आहे. हात हलला की रेघ हलणार. भाषांतराची भानगड नाही.

भानगड सुरू झाली जकार्डपासून. सोलापूरची चादर आपल्या सगळ्यांच्या घरात असते. मी एकदा सहलीच्या निमित्ताने तिथला माग बघितला होता. मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबलचक माळ फिरत होती. फ्रान्समधल्या ल्याँ शहरात जोसेफ जकार्डने १८०४ च्या सुमारास ही युक्ती मागावर पक्की केली. आधी चौकटीच्या कागदावर नक्षी काढायची. एक चौकट म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची एक गाठभेट. रंगवलेली चौकट असेल तिथे पुठ्ठ्याला भोक. भोक असेल तिथे धागा उचलला जाणार, नसेल तिथे नाही. १८३९ साली खुद्द जकार्डचं रेशमी चित्र विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले. गणकयंत्राचं स्वप्न बघणाऱ्या चार्ल्स बॅबेजने ते चित्र आपल्या घरात ठेवलं होतं आणि पुठ्ठ्यांची कल्पनाही उचलली होती.

म्हणजे कारागिराची नक्षी यंत्रात जाऊ शकते, पण यंत्राच्या भाषेत जावी लागते. जकार्डची भाषा चौकटींची. गोल पाकळीसुद्धा तिथे पायऱ्यापायऱ्यांची होते.

मग आपल्या नातीच्या यंत्राला गोलाई कशी कळते? याचं उत्तर मोटारींच्या कारखान्यात सापडलं. मोटारीच्या पत्र्याचे साचे कापायला संगणकावर चालणारी यंत्रं आली, पण चित्रकाराने काढलेली गोलाई त्यांना आकड्यांत कशी सांगायची? सित्रोएन कंपनीतल्या पॉल द कास्टेल्जो यांनी १९५९ च्या सुमारास याची रीत शोधली, पण कंपनीने ती गुपित ठेवली. रेनो कंपनीतल्या पियेर बेझिए यांनी १९६० च्या दशकात तेच स्वतंत्रपणे केलं आणि जगजाहीर केलं. म्हणून त्या वक्रांना बेझिएचं नाव मिळालं. रेषेची दोन टोकं धरायची आणि दोन अदृश्य दोऱ्यांनी ती हवी तशी ताणायची, असं काहीसं ते आहे. आपले फाँट, १९८९ साली आलेलं कोरलड्रॉ, २००१ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने मान्य केलेला एसव्हीजी हा फाइलींचा प्रकार, सगळे या वक्रांवरच उभे आहेत. फोटो म्हणजे नुसते ठिपके. पात्याला ठिपके कळत नाहीत, त्याला वाट लागते. म्हणून आधी ठिपक्यांची रेष करायची, त्यालाच ट्रेस करणं म्हणतात. इंकस्केप नावाचं सॉफ्टवेअर हे काम फुकटात करतं.

इथपर्यंत मी खुश होतो. मग नातीने एक गोष्ट सांगितली आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. सुरुवातीला, म्हणजे २००६ च्या सुमारास, क्रिकटच्या यंत्रात स्वतःचं काही घालायची सोयच नव्हती. कंपनीची कार्ट्रिज विकत घ्यायची आणि त्यातलीच फुलं-पानं-अक्षरं कापायची. काहींनी बाहेरची सॉफ्टवेअर लिहून वाट काढली, तर कंपनीने कोर्टकचेऱ्या केल्या आणि ती वाट बुजली. २०१४ मध्ये आलेल्या नव्या यंत्राबरोबर कंपनीने स्वतःच दार उघडलं. पुन्हा मार्च २०२१ मध्ये जाहीर केलं, की फुकट वापरणाऱ्याने महिन्याला २० च चित्रं चढवायची, जास्त हवी असतील तर वर्गणी भरा. लोक असे खवळले की आठवडाभरात कंपनीला तो निर्णय मागे घ्यावा लागला. दुसरी एक कंपनी आहे, सिल्हूट. तिच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये एसव्हीजी उघडत नसे, त्यासाठी वरचे पैसे मोजावे लागत.

म्हणजे यंत्र माझं, वीज माझी, कागद माझा, आणि माझं चित्र आत घ्यायचं की नाही हे ठरवणार दुसराच! जत्रेतला गोंदणारासुद्धा तयार नमुन्यांचा फळा पुढे ठेवतो, पण "मला हे नको, असं काढ" म्हटलं तर तो काढतो.

यावर रागावून लिहिणार होतो, पण एक आठवण आडवी आली. मी चित्रकलेचा तास घ्यायचो (मराठीच्या मास्तरावर तेव्हा काहीही पडायचं). डोंगरातल्या पाड्यावरून आलेला एक मुलगा 'माझे घर' या विषयावर कुडाच्या भिंती, दारातल्या कोंबड्या आणि होळीचा नाच काढायचा. मी त्याला म्हटलं होतं, "पुस्तकात आहे तसं काढ." पुस्तकात कौलारू घर, मागे दोन डोंगर आणि मधे सूर्य. त्याने तसं काढलं आणि मी दहापैकी आठ दिले. स्वतःचं काढलं असतं तर किती दिले असते, कुणास ठाऊक. माझंही दार तेव्हा बंदच होतं, आणि ते उघड म्हणून माझ्यावर कुणी खवळलं नाही.

असो. शेवटी कागदाचा फोटो पुण्याला गेला. मला पत्र्यावर रंगवायचंच होतं, म्हणून नात म्हणाली, जाड प्लास्टिकचं स्टेन्सिल कापते. मग तिने मला शहाणं केलं. टाइप केलेली देवनागरी कापताना प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या शिरोरेषेवर थोडी चढलेली असते. त्या जोडून एक केल्या नाहीत तर पातं मधोमध कापत जातं आणि शब्दाचे तुकडे होतात. "पण आजोबा, तुमच्यात ते करावंच लागलं नाही. तुम्ही शिरोरेषा एका दमात ओढली होती ना." वाकडी का होईना, रेघ एकसंध होती! 'व'ची पोटं गळून पडू नयेत म्हणून तिने बारीक पूल ठेवले. सायक्लोस्टाइलची जुनी खोड बघा कुठे येऊन भेटली.

मग तिने जरा चाचरत विचारलं, "आजोबा, रेषा खूप हललीय. सॉफ्टवेअरमध्ये थोडी गुळगुळीत करू? एका बटणाचं काम आहे." मी म्हटलं, दोन्ही कापून पाठव.

कुरियरने दोन्ही आली. गुळगुळीत केलेलं सुबक होतं. पण ते चाळिशीतल्या माझ्या अक्षरासारखंही नव्हतं आणि आत्ताच्या अक्षरासारखंही नव्हतं. कुणाचंच नव्हतं ते. दुसरं मात्र... काय सांगू, मंडळी. कंपाचा प्रत्येक हेलकावा त्या पात्याने इमानाने कापला होता. यंत्राने मला दुरुस्त केलं नाही, पुस्तकात आहे तसं काढ म्हणालं नाही. सौ. म्हणाली, "ते इस्त्री केलेलंच लावा. लोकांना वाचता यायला हवं." तिचंही खरं होतं.

पत्र्याला दोन बाजू असतात, हे बरं झालं. फाटकाच्या जाळीवर पाटी दोन्हीकडून दिसते. घराकडच्या बाजूला इस्त्रीचं, सौ.साठी. रस्त्याकडच्या बाजूला माझं. पुलांच्या जागा नंतर ब्रशने भरल्या, त्यातही हात हललाच.

परवा दूधवाला फाटकाशी थबकला. म्हणाला, "सर, नवी पाटी? अक्षर तुमचंच दिसतंय." एवढं बोलून तो दूध मोजायला लागला.

तुमच्या घरात कुणाच्या हातचं काही असेल, रांगोळीची वही, पत्रं, मेंदीचे नमुने, तर फोटो काढून ठेवा, आणि गुळगुळीत करायची घाई करू नका. हात चालला तर पुन्हा लिहीनच.