गिअर कधी बदलायचा, हे तेल ठरवीत असे

१९४० च्या ओल्डस्मोबिल मोटारीसाठी ५७ डॉलर जादा मोजणाऱ्या ग्राहकाच्या पायाखालून क्लचचे पेडल नाहीसे होत असे. जनरल मोटर्सने १९३९ साली जाहीर केलेल्या या गिअरबॉक्सचे नाव होते ‘हायड्रामॅटिक’. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेला हा पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स. त्यात पुढे जाण्यासाठी चार गिअर होते आणि ते आपोआप बदलत. त्या काळी मोटारीत संगणक असणे शक्यच नव्हते. मग गिअर बदलण्याचा नेमका क्षण ठरवीत होते कोण?

या यंत्रामागचा प्रमुख अभियंता होता अर्ल थॉम्पसन. गिअर बदलताना दात एकमेकांवर घासून होणारा खडखडाट थांबवणारी सिंक्रोमेश रचनाही त्याचीच. ती १९२८ मध्ये कॅडिलॅक मोटारीत आली होती. चालकाचे कष्ट कमी करण्याचा त्याने जणू ध्यासच घेतला होता.

चालक गिअर बदलताना नकळत दोन गोष्टींचा विचार करतो: गाडी किती वेगात आहे आणि इंजिनावर भार किती आहे. सपाट रस्त्यावर संथ जाताना तो लवकर वरचा गिअर टाकतो. चढावर किंवा कुणाला मागे टाकताना तोच गिअर उशिरा बदलतो. थॉम्पसनच्या चमूने या दोन्ही गोष्टी तेलाच्या दाबात उतरवल्या.

पहिला दाब वेगाचा. गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याबरोबर एक गव्हर्नर फिरत असे. वेग वाढला की त्याची वजने बाहेर फेकली जात आणि तेलाचा दाब वाढे. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला बसवलेल्या फिरत्या गोळ्यांचाच हा वंशज. मात्र त्यात एक अडचण होती. केंद्रोत्सारी बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; त्यामुळे कमी वेगात दाब अगदीच क्षीण आणि जास्त वेगात अवाजवी होतो. हायड्रामॅटिकमध्ये त्यावर सरळ उपाय होता: दोन निरनिराळी वजने, जड वजन कमी वेगासाठी आणि हलके वजन जास्त वेगासाठी.

दुसरा दाब भाराचा. अ‍ॅक्सिलरेटर जितका दाबावा, तितका एका सळईमार्फत थ्रॉटल व्हॉल्व्ह सरके आणि दुसरा दाब चढे. हे दोन्ही दाब एका छोट्या सरकत्या व्हॉल्व्हच्या दोन टोकांना समोरासमोर भिडत. थ्रॉटलच्या बाजूला एक स्प्रिंगही असे. गव्हर्नरची बाजू जिंकली की व्हॉल्व्ह सरकला, तेलाला नवी वाट मिळाली आणि गिअर बदलला. स्वयंचलित निर्णय म्हणून ज्याचे कौतुक झाले, तो मुळात असा दोन दाबांमधला सामना होता.

साहजिकच, गिअर बदलण्याचा क्षण पुढेमागे करणे म्हणजे या सामन्यात एका बाजूला झुकते माप देणे. सळईची लांबी किंचित बदलली, तरी तेवढ्याच अ‍ॅक्सिलरेटरला थ्रॉटलचा दाब निराळा मिळे आणि गाडी वेगळ्या वेगाला गिअर बदले. १९५० च्या दशकात अमेरिकेत शर्यतींच्या गाड्या तयार करणाऱ्यांना हे गुपित लवकर उमगले. कॅलिफोर्नियातील ‘बी अँड एम’सारख्या कार्यशाळा हायड्रामॅटिक खोलून शर्यतींसाठी नव्याने बांधू लागल्या. शांत कुटुंबवत्सल गाडीसाठी जन्मलेल्या यंत्राची ही दुसरी कारकीर्द. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धात, एम५ या हलक्या रणगाड्याच्या दोन कॅडिलॅक इंजिनांनाही हायड्रामॅटिकच जोडलेले होते.

पुढे सळईच्या जागी आणखी एक युक्ती आली: इंजिनाच्या शोषणावर चालणारा मॉड्युलेटर. १९६४ च्या टर्बो हायड्रामॅटिक ४०० मध्ये भाराची वार्ता तोच देई. अ‍ॅक्सिलरेटर कमी दाबलेला असताना इंजिनाचे शोषण जोरदार, जास्त दाबला की ते क्षीण. त्यावरून रबरी पडदा हलत असे. मॉड्युलेटरच्या काही नमुन्यांत नळीच्या तोंडाशी बारीक स्क्रू असे. तो आत फिरवला की गिअर उशिरा आणि कडक बदलत. पडदा फाटला तर मात्र इंजिन थेट गिअरबॉक्सचे तेल ओढून घेई आणि मागून पांढरा धूर निघे.

या इतिहासातील सर्वात महाग चूक १९८२ मध्ये आलेल्या ७००आर४ या गिअरबॉक्सशी निगडित आहे. त्यात थ्रॉटलची वार्ता एका केबलमधून येई. ती केबल गिअर बदलण्याच्या वेळेबरोबरच आतल्या क्लचना घट्ट धरणारा तेलाचा मुख्य दाबही ठरवीत असे. ‘गिअर जरा लवकर बदलावेत’ म्हणून केबल सैल केली की गाडी खरोखरच मऊ चाले आणि मालक खूश होई. आत मात्र अपुऱ्या दाबाखाली क्लच घसरत, तापत आणि अखेरीस जळत. जुन्या गाडीत नवा कार्बोरेटर बसवणाऱ्यांचीही हीच गत झाली, कारण नव्या कार्बोरेटरचा तरफदांडा केबल योग्य अंतराने ओढत नसे. दोष कार्बोरेटरच्या जोडणीत आणि दुरुस्तीचे बिल गिअरबॉक्सचे, असा हा प्रकार.

जाणकार मिस्त्री म्हणूनच क्रम पाळतात. इंजिन बंद ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. त्या वेळी केबलही पूर्ण ओढली गेली पाहिजे. मग दाबमापी लावून मुख्य दाब तपासायचा. तो बरोबर असूनही गिअर चुकीच्या वेगाला बदलत असतील, तर हात केबलला नव्हे, गव्हर्नरला लावायचा: वजन हलके केले की गिअर उशिरा बदलतात, उलट केले की लवकर. त्यानंतर गाडी रस्त्यावर नेऊन वेगमापकाकडे लक्ष ठेवायचे. पुन्हा खोलायचे, पुन्हा बदलायचे. एका गाडीत या खटाटोपात पूर्ण दिवस सहज जातो.

१९९० च्या दशकात याच ७००आर४ ची पुढची आवृत्ती ४एल६०ई या नावाने आली. आतली गिअरमाला जवळपास तीच राहिली. गव्हर्नर आणि केबल मात्र गेले. त्यांच्या जागी वेग मोजणारा संवेदक, विजेवर उघडमिट करणारे व्हॉल्व्ह आणि आकडे वाचणारा संगणक बसला.