मोजणी आणि कुलूप

नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने एक रीत लिहून ठेवली: कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजा, गुप्त मजकूर उलगडेल. नुसत्या मोजणीतून गुपित बाहेर येतं.

आता मोजली जातात मुलं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत डिसले गुरुजींनी पुस्तकात क्यूआर कोड आणला. २०१७ मध्ये केंद्राचं 'दीक्षा' आलं. कोणता धडा किती वेळा उघडला, सगळी नोंद. बुलढाणा जिल्ह्यातल्या माझ्या उर्दू वर्गाला फायदाच झाला, खोटं कशाला बोलू?

पण जानेवारी २०२३ मध्ये बातमी आली: दीक्षाची माहिती असुरक्षित सर्व्हरवर उघडी पडली होती. दहा लाखांहून जास्त शिक्षकांची नावं, फोन नंबर. लाखो विद्यार्थ्यांची माहितीसुद्धा. माझं खातंही तिथेच आहे.

हजेरीपुस्तक मात्र आम्ही रोज कपाटात कुलूप लावून ठेवतो.