टोपीकरांची टोपी

फोलेंडमच्या बंदरावर ओळीने फोटोची दुकानं आहेत. गेल्या एप्रिलमध्ये आई वेंगुर्ल्याहून आमच्याकडे आम्स्टलफेनला आली होती, तेव्हा तिला तिथे नेलं. दुकानातल्या बाईने साडीवरूनच काळा झगा चढवला, मागून बंद बांधले, कमरेला एप्रन, गळ्यात लाल मण्यांच्या तीन सरी आणि सगळ्यात शेवटी डोक्यावर टोपी. पाच मिनिटांत माझी आई हॉलंडची झाली. आरशात बघताना तिचा हात टोपीकडे गेला नाही, आधी मण्यांकडे गेला. एक मणी चिमटीत फिरवून ती म्हणाली, "ह्यां पोवळां न्हय. प्लास्टिक आसा."

तिने बरोबर ओळखलं होतं. खऱ्या फोलेंडमकरणीच्या गळ्यात खरं पोवळं असतं, भूमध्य समुद्रातलं, तीन सरींचं, सोन्याच्या मोठ्या फाशाचं. टोपी मात्र अस्सलच्या जवळ जाणारी होती. तिला तिथे 'हुल' म्हणतात. तलम पांढरं कापड आणि लेस, खळ देऊन पुठ्ठ्यासारखी ताठ केलेली. माथ्यावर निमुळतं टोक, कानांपाशी बाहेर वळलेले दोन पंख. गावातल्या बायका ही टोपी रोज घालत नसत. ती रविवारची, सणासुदीची.

चीजच्या वेष्टनावर, फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकावर, विमानतळावरच्या बाहुलीवर 'डच बाई' म्हणून दिसते ती हीच टोपी घालून. एका गावची ठेवणीतली टोपी साऱ्या देशाच्या डोक्यावर कशी जाऊन बसली, हे मला त्या रात्री एका जुन्या हॉलिवूडपटाच्या निमित्ताने शोधावंसं वाटलं.

चित्रपट १९४२ सालचा, मेट्रो-गोल्डविन-मेयरचा, 'सेव्हन स्वीटहार्ट्स'. दिग्दर्शक फ्रँक बोरझेगी. गाण्यांचा, हलकाफुलका, कृष्णधवल. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात 'लिटल डेल्फ्ट' नावाचं काल्पनिक डच गाव आहे. तिथल्या ट्यूलिप उत्सवाची बातमी करायला न्यूयॉर्कचा वार्ताहर येतो (तो व्हॅन हेफ्लिन) आणि व्हॅन मास्टर नावाच्या हॉटेलवाल्याकडे उतरतो. व्हॅन मास्टरला सात मुली. मुलगे हवे होते म्हणून त्याने मुलींना नावं ठेवलीत व्हिक्टर, अल्बर्ट, पीटर अशी. घरचा नियम एकच: थोरलीचं लग्न झाल्याशिवाय धाकट्यांपैकी कोणाचंही होणार नाही. आणि थोरली रेजिनाला लग्नाची घाईच नाही, तिला नटी व्हायचंय. धाकट्यांचे सगळे प्रियकर ताटकळलेले. वार्ताहराचं मन जडतं ते गाणाऱ्या बिलीवर. ती कॅथरिन ग्रेसन, तेव्हा अवघी वीस वर्षांची, आणि गळा असा की आईने हातातलं विणकाम खाली ठेवलं.

अमेरिकी प्रेक्षकाने हा नियम गोड वेडेपणा म्हणून पाहिला असणार. आमच्या सोफ्यावर तसं झालं नाही. व्हॅन मास्टर आपला नियम सांगत होता आणि आई मान डोलावत होती. "बरोबर बोलता तो." आई दोघी बहिणींतली धाकटी. मावशीचं जमेना म्हणून तिचंही तीन वर्षं अडलं होतं. थोरली खोळंबली की मागच्या सगळ्याच खोळंबतात, आणि थोरलीच्या आधी धाकटी उजवली की लोक थोरलीत काहीतरी खोट काढतात, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. आपल्या धर्मशास्त्राने तर याला शब्दच घडवून ठेवलेत. थोरला अविवाहित असताना लग्न करणारा धाकटा भाऊ 'परिवेत्ता', आणि थोरलीआधी लग्न झालेली बहीण 'अग्रेदिधिषू'. बायबलमधला लाबानही याच रीतीकडे बोट दाखवून याकोबाला धाकट्या राहेलऐवजी थोरली लेआ देतो. तेव्हा व्हॅन मास्टरचा नियम डच म्हणावा असा नाहीच. तो जितका वेंगुर्ल्याचा तितकाच लाबानच्या हारानचा.

आमच्याबरोबर शेजारच्या आजीही बसल्या होत्या. नव्वदी ओलांडलेली, हार्लेममध्ये वाढलेली बाई. त्यांचं लक्ष नियमाकडे नव्हतं, टोप्यांकडे होतं. त्यांनी दोनदा चित्रपट थांबवायला लावला. म्हणाल्या, या मुली कुठल्या आहेत? टोपी एका गावची, झगा भलत्याच गावचा. त्यांची आजी झेलंडची. तिथल्या दक्षिण बेव्हलंड बेटावर प्रोटेस्टंट बाईची टोपी शिंपल्यासारखी गोल आणि कॅथलिक बाईची चौकोनाकडे झुकणारी. रस्त्याने बाई येताना दिसली की तिचं गाव, तिचा पंथ, घरात सुतक आहे की नाही, सगळं लांबूनच कळायचं. आपल्याकडे लुगड्याच्या काठावरून आणि नेसण्याच्या तऱ्हेवरून माणूस ओळखता यायचा, तसंच. इतकं नेमकं बोलणारं वस्त्र 'डच' या एका शब्दात कोंबलं की त्याची वाचाच जाते, असं त्यांना वाटत होतं. मलाही तेच वाटतं.

या टोपीचं कूळ सापडतं ते फोलेंडमच्याच एका खानावळीत. १८७४ मध्ये आंरी आव्हार या फ्रेंच लेखकाने झाउडरझे या समुद्राकाठच्या 'मृत शहरां'च्या प्रवासाचं पुस्तक लिहिलं आणि बाहेरच्या जगाला हा किनारा दिसला. फोलेंडम म्हणजे तिथला कोळीवाडा. कॅथलिक, गरीब, सगळं पोट मासळीवर. १८८१ मध्ये लेंडर्ट स्पांडर नावाच्या माणसाने तिथे हॉटेल काढलं. तिथे चित्रकार उतरू लागले. ज्यांच्याकडे पैसे नसत ते बिलाच्या बदल्यात चित्र देत. ती चित्रं हॉटेल स्पांडरच्या भिंतींवर आजही दाटीने लागलेली आहेत. स्पांडरच्या मुली गावचा वेश घालून चित्रकारांपुढे बसत. त्यांतल्या पॉलिनाने गेऑर्ग हेरिंग या जर्मन चित्रकाराशी लग्न केलं. खानावळवाला बाप, घरात मुली आणि बाहेरगावहून आलेला जावई. चित्रपट बनवणाऱ्यांना स्पांडरचं नाव ठाऊक होतं असं मी म्हणत नाही. पण पडद्यावरचं हॉटेल पाहताना मला त्या भिंती आठवल्या.

थोडं पश्चिमेला, एग्मंडला, अमेरिकी चित्रकारांचा तळ होता. जॉर्ज हिचकॉकने ट्यूलिपच्या शेतांचं चित्र १८८७ मध्ये पॅरिसच्या सलोंमध्ये लावलं. त्याचा सोबती गॅरी मेल्चर्स मूळचा मिशिगनमधल्या डेट्रॉइटचा. त्याच्या चित्रांत चर्चमध्ये बसलेल्या, टोप्या घातलेल्या बायका. ही चित्रं अमेरिकेत गेली. १९०६ मध्ये ब्रॉडवेवर व्हिक्टर हर्बर्टची 'द रेड मिल' ही संगीतिका आली. तिची जागा काटवाइक हे समुद्रकाठचं डच गाव, आणि कथा पुन्हा एका खानावळीभोवतीच. त्याच सुमारास अमेरिकी स्वयंपाकघरांत 'ओल्ड डच क्लेन्झर' नावाची घासायची पूड शिरली. तिच्या डब्यावर हातात काठी घेऊन घाणीमागे धावणारी बाई, चेहरा टोपीत झाकलेला. ही टोपी फोलेंडमची नव्हती, पण लोकांच्या डोळ्यांत 'डच म्हणजे टोपी, डच म्हणजे स्वच्छता' हे पक्कं बसलं ते अशा डब्यांनी. लाकडी बूट आणि पवनचक्की तर आधीपासून होतीच. अ‍ॅमस्टरडॅममध्ये उत्खननात सापडलेला लाकडी बूट तेराव्या शतकातला आहे. अशा बुटाला पंथ नसतो, चिखल असेल तिथे तो चालतो.

चित्रपटातल्या गावाचं खरं मूळ मिशिगनमधलं हॉलंड हे शहर. १८४७ मध्ये आल्बर्टस व्हान राल्टे हे पाद्री आपल्या अनुयायांना घेऊन तिथल्या जंगलात उतरले. मायदेशातल्या सरकारी चर्चपासून फुटलेली ही मंडळी कर्मठ कॅल्विनपंथी. त्यांच्या वंशजांतल्या एका चर्चच्या धर्मसभेने १९२८ मध्ये नाच, पत्ते आणि नाटक-सिनेमा हे ख्रिस्ती माणसाला न शोभणारे प्रकार ठरवले. आणि त्याच वर्षी त्याच शहराच्या नगरपालिकेने नेदरलँड्सहून एक लाख ट्यूलिपचे कंद मागवले! कल्पना होती लिडा रॉजर्स या जीवशास्त्राच्या शिक्षिकेची. तिने ती १९२७ मध्ये शहरातल्या स्त्रियांच्या साहित्य मंडळापुढे मांडली होती. १९२९ च्या वसंतात पहिला उत्सव झाला. काही वर्षांत शाळकरी मुली लाकडी बूट घालून रस्त्यात नाचू लागल्या. पायाला लागू नये म्हणून एकावर एक मोज्यांचे कितीतरी जोड चढवायचे, ही त्या मुलींची आजही चाललेली युक्ती. नगराध्यक्ष रस्त्यावर येऊन 'रस्ता घाण आहे' असं जाहीर करतात आणि डच वेशातले लोक बादल्या-झाडू घेऊन तो घासून काढतात.

ज्यांना नाच वर्ज्य, त्यांच्या पणत्या नाचू लागल्या, आणि डच वेश म्हणून ज्या टोपीशी त्यांची गाठ पडली ती दूरच्या कॅथलिक कोळणीची. तरी मला यात फसवणूक दिसत नाही. ऐंशी वर्षांनंतर आपण कुठून आलो हे मुलांना दाखवायला हाताशी काहीतरी लागतं, आणि घरात उरलेलं नसेल तर माणूस बाहेरचं घेतो. पुढे त्यांनीच हा घोळ निस्तरला. तिथल्या नाचाचे पोशाख आता एकेका प्रांताच्या नमुन्यावर बेतून शिवतात आणि नाचण्याआधी तपासले जातात.

चित्रपटातले 'डच' तर आणखीच लांबचे. निर्माता जो पास्टरनाक ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मलेला, पटकथाकारांतला वॉल्टर राइश व्हिएन्नाचा, आणि गुबगुबीत गालांचा प्रेमळ व्हॅन मास्टर म्हणजे बुडापेस्टचा एस. झेड. साकाल, 'कासाब्लांका'तला वेटर कार्ल. शेजारच्या आजी म्हणाल्या, याचे उच्चार आमचे नाहीत. खरंच नव्हते, ते हंगेरियन होते. साकाल ज्यू. १९४० मध्ये तो युरोप सोडून निघाला. त्याच्या तिन्ही बहिणी मागे राहिल्या आणि नात्झी छावण्यांत मारल्या गेल्या. हे वाचल्यावर मी तो चित्रपट पुन्हा पाहिला. सात मुलींना एका छताखाली एकत्र ठेवू पाहणारा तो बाप मला दुसऱ्यांदा पाहताना विनोदी वाटेना.

कारण साल १९४२ होतं. खऱ्या हॉलंडमध्ये जर्मन फौजा होत्या. अमेरिकी चित्रपटांना बंदी होती, म्हणजे हॉलंडच्या प्रेमाने भरलेला हा चित्रपट हॉलंडमध्येच लागू शकत नव्हता. अ‍ॅमस्टरडॅममधलं सगळ्यात देखणं थिएटर, १९२१ मध्ये अब्राहम तुशिन्स्की यांनी उभं केलेलं, जर्मनांनी 'तिव्होली' करून टाकलं, कारण मूळ नाव ज्यू माणसाचं. १५ जुलैला हॉलंडमधल्या वेस्टरबोर्कच्या छावणीतून ज्यूंना घेऊन आउशविट्झला पहिली गाडी गेली. ६ ऑगस्टला परागंदा राणी विल्हेल्मिना वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे उभी राहून बोलली. सप्टेंबरमध्ये तुशिन्स्की आउशविट्झमध्ये मारले गेले. पडद्यावर मात्र ट्यूलिप फुललेले होते.

ट्यूलिपचा तो प्रसंग सुरू झाला तेव्हा शेजारच्या आजी गप्प झाल्या. गाणं संपल्यावर आईकडे बघून, मला सांगायची खूण करून म्हणाल्या, "आम्ही हे खाल्लं आहे." १९४४-४५ चा भुकेचा हिवाळा. त्या दहा वर्षांच्या होत्या. कंद अर्धा चिरायचा, मधला पिवळा कोंब काढून टाकायचा, कारण तो विषारी, मग उकडायचं. त्या हाताने चिरून दाखवत होत्या. आईने सगळं ऐकून घेतलं, उठून आत गेली आणि त्यांच्यासाठी पुन्हा चहा टाकला. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही.

शोभेचे कंद पोटात गेले. फोलेंडमला नशिबाने उलटं वळण दिलं: पोटाचा धंदा गेला, शोभा उरली. २८ मे १९३२ रोजी आफ्स्लाउटडाइक या बांधाची शेवटची फट बुजली आणि झाउडरझे समुद्राचा पुढे गोड्या पाण्याचा तलाव झाला. खाऱ्या पाण्यातली मासळी गेली, हळूहळू होड्या गेल्या. टोपी राहिली. आधी चित्रकारांनी आणि नंतर प्रवाशांनी ती बघायला यायचं सोडलं नाही म्हणून राहिली. जाळी विणणारे हात आता परक्यांना बंद बांधून देतात. यात वाईट वाटण्यासारखं आहेच. पण त्या दुकानातल्या बाईने आईच्या कानाजवळचा पंख दोन बोटांनी हलकेच बाहेर वळवला, मान तिरकी करून पाहिलं, पुन्हा किंचित आत घेतला. हा हात शिकवलेला नव्हता, घरातला होता.

आणि हा वेश सगळा त्यांचाही नाही. फ्रीसलंडच्या हिंडेलोपनमध्ये बायकांचा लांब अंगरखा असे, 'वेंटके', तो भारतातल्या छापील सुती कापडाचा. डच लोक त्या कापडाला 'सिट्स' म्हणतात. आपलं चीट. कोरोमंडलच्या किनाऱ्यावरून, पुलिकत-मछलीपट्टणच्या वखारींतून हे कापड गेलं. आमच्या वेंगुर्ल्यातही १६३७ पासून डच कंपनीची वखार होती, गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला सोयीची. तिची पडकी वास्तू आजही उभी आहे. आई शाळेत जाताना तिच्यावरून जायची. मराठीत या लोकांना वलंदेज म्हणत, पोर्तुगीज 'ओलांदेश'वरून आलेला शब्द. मराठेशाहीतल्या 'आज्ञापत्र' या राजनीतीच्या ग्रंथात इंग्रज, फरासीस यांच्या रांगेत वलंदेज आहेत आणि सगळ्यांना मिळून एकच नाव आहे, टोपीकर. आपणही त्यांना टोपीवरूनच ओळखलं होतं. कुणाची टोपी कुठल्या गावची, हे आपणही विचारलं नव्हतं.

आईचा तो फोटो आता वेंगुर्ल्याला माजघरात लावला आहे, वखारीपासून चालत दहा मिनिटांवर. मावशी बघायला आली. चष्मा पुसून तिने बराच वेळ पाहिला. टोपी, पंख, तीन सरी. मग आईकडे वळली.

"माज्या आदी तू कशी गे घातलंस?"

पुढच्या एप्रिलचं तिकीट मावशीचं काढलंय.