सावकाश पचणारी क्रीडापूरक कर्बोदके

सावकाश पचणारी क्रीडापूरक कर्बोदके : साधारण दीड तासापेक्षा अधिक काळ चालणाऱ्या धावण्यात, सायकलिंगमध्ये, पोहण्यात किंवा डोंगरचढाईत रक्तातील साखर एकदम न चढवता बराच वेळ थोडीथोडी मिळत राहावी, या हेतूने घेतले जाणारे पिष्टमय अथवा शर्करामय पदार्थ. ते बहुधा पाण्यात कालवायच्या भुकटीच्या रूपात मिळतात. ग्लुकोज किंवा मॅल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टाचे तुकडे करून बनवलेले, झटकन पचणारे कर्बोदक) यांच्यापेक्षा त्यांचे पचन संथ होते, हा त्यांचा सांगितला जाणारा विशेष आहे. मात्र संथ पचन आणि टिकाऊ ताकद या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि या पूरकांचे मोल ठरवताना हा भेद सतत ध्यानात ठेवावा लागतो.

प्रौढ माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी जेमतेम पाच ग्रॅम ग्लुकोज फिरत असते. खरा साठा ग्लायकोजेनच्या, म्हणजे ग्लुकोजचे रेणू फांद्याफांद्यांनी जोडून झालेल्या पदार्थाच्या रूपात असतो आणि तो स्नायूंत सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम, तर यकृतात सुमारे १०० ग्रॅम इतका भरतो. मॅरेथॉनच्या वेगाने धावणारा माणूस मिनिटाला दोन ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक कर्बोदके जाळतो, त्यामुळे शेवटच्या आठ-दहा किलोमीटरांत हा साठा तळाला जातो, हातपाय गळतात, डोके भिरभिरते. धावपटू याला ‘वॉल’ म्हणतात आणि सायकलपटू ‘बाँक’. याचा रक्तातील साखरेशी असलेला संबंध प्रथम बोस्टन मॅरेथॉनमध्ये दिसला. १९२४ मध्ये शर्यत संपवून आलेल्या काही धावपटूंच्या रक्तातील साखर फार उतरलेली आढळली, आणि पुढच्या वर्षी वाटेत गोळ्या-मिठाई खायला दिल्यावर त्यांची अवस्था सुधारली. १९६० च्या दशकात स्वीडनमधील बेर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन यांनी स्नायूचा बारीक तुकडा सुईने काढून तपासण्याची रीत वापरली आणि दमसास व ग्लायकोजेन यांचे नाते पक्के केले. कोणते अन्न रक्तातील साखर किती चढवते याचे माप, म्हणजे ग्लायसेमिक निर्देशांक, डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोरांटो येथे १९८१ मध्ये मांडले. त्यात ग्लुकोज १०० धरतात. ‘सावकाश’ हा शब्द या निर्देशांकाच्या आधारानेच खेळाडूंच्या बोलण्यात आला.

या वर्गातील सर्वांत अभ्यासलेला पदार्थ आयसोमाल्टुलोज हा होय. त्याचा कच्चा माल आपली रोजची साखरच असते. साखरेच्या प्रत्येक रेणूत एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज असते. विशिष्ट जीवाणूंच्या विकराने (रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाने) या दोहोंमधला सांधा बदलला, म्हणजे १,२ ऐवजी १,६ असा जोडला, की आयसोमाल्टुलोज तयार होते. मधात आणि उसाच्या रसात ते अत्यल्प प्रमाणात निसर्गतःही असते. लहान आतड्यातील विकराला हा नवा सांधा तोडायला साखरेच्या मानाने चार-पाच पट वेळ लागतो, म्हणून त्याचा ग्लायसेमिक निर्देशांक सुमारे ३२ इतकाच येतो. शेवटी सर्व ग्लुकोज व फ्रुक्टोज शोषले जातेच, त्यामुळे एका ग्रॅमला चार किलोकॅलरी हे मूल्य साखरेइतकेच राहते, आणि ‘कमी उष्मांकाची साखर’ अशी त्याची ओळख करून देणे चुकीचे ठरते.

दुसरा प्रकार पिष्टाचा. त्याचे मूळ खेळात नसून एका आजारात आहे. ग्लायकोजेन साठवणुकीच्या जन्मजात विकाराच्या पहिल्या प्रकारात यकृताला साठवलेले ग्लायकोजेन मोडून रक्तात ग्लुकोज सोडता येत नाही, त्यामुळे अशा मुलांची साखर झोपेतही धोकादायक उतरते आणि पूर्वी त्यांना रात्रभर नळीने ग्लुकोज द्यावे लागे. मक्याचे न शिजवलेले पिष्ट पाण्यात कालवून दिल्यास साखर कित्येक तास टिकते, हे १९८४ मध्ये अमेरिकेतील वैद्यांनी दाखवले. चिकट मक्याचे (ज्याचे पिष्ट जवळजवळ सर्व अ‍ॅमिलोपेक्टिन या फांद्या असलेल्या प्रकाराचे असते त्या मक्याचे) पिष्ट ओलाव्यात ठरावीक उष्णतेवर ठेवून आणखी संथ करण्याची युक्ती पुढे आली, आणि रुग्णांसाठी निघालेले हेच पिष्ट ‘सुपरस्टार्च’ या नावाने खेळाडूंपर्यंत पोहोचले. जपानमध्ये बनणारे चक्रीय डेक्स्ट्रिन पुष्कळदा याच पंगतीत बसवले जाते, पण त्याचा गुण वेगळा आहे : त्याचा रेणू मोठा असल्याने द्रावणाचा तर्षण दाब (पाणी ओढून घेण्याचा जोर) कमी राहतो आणि पेय जठरातून लवकर पुढे सरकते. त्याला ‘सावकाश’ म्हणणे हा विक्रीच्या भाषेतला घोटाळा आहे.

प्रत्यक्ष उपयोगाचा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. आतड्यातून ग्लुकोज शोषून घेणाऱ्या वाहकांची धाव मिनिटाला सुमारे एक ग्रॅम असते. फ्रुक्टोजचा वाहक निराळा असल्याने दोन्ही मिळून दिल्यास तासाला ९० ग्रॅमपर्यंत कर्बोदके वापरात आणता येतात. म्हणूनच अडीच तासांपर्यंतच्या श्रमाला तासाला ३० ते ६० ग्रॅम आणि त्याहून लांब श्रमाला ९० ग्रॅमपर्यंत असा सल्ला क्रीडापोषणतज्ज्ञ देतात. वेगाने धावणाऱ्या स्नायूची मागणी इतकी मोठी असताना मुद्दाम संथ केलेले कर्बोदक ती पुरी करू शकत नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सायकल चालवणाऱ्या पुरुषांनी साखरेपैकी मिनिटाला कमाल सुमारे ०.९ ग्रॅम जाळली, तर तेवढ्याच आयसोमाल्टुलोजपैकी फक्त सुमारे ०.५ ग्रॅम. संस्कारित पिष्टावरच्या प्रयोगांत इन्सुलिन कमी चढले व चरबी अधिक जळली, हे खरे. परंतु कामगिरी सुधारली नाही, आणि २०१६ च्या एका अभ्यासात पोटाच्या तक्रारी वाढल्या. न पचलेले कर्बोदक आतड्यात पाणी ओढते, गुबारा धरतो, मळमळते. चरबी अधिक जळणे हेच ध्येय असलेल्याला यात लाभ वाटेल, पण घड्याळाशी झुंजणाऱ्याला तो लाभ नाही. शिवाय साखरेचे साधे पाणी दर दहा-पंधरा मिनिटांनी घोट-घोट प्यायले, तर रक्तात साखर थेंबाथेंबानेच पोहोचते; पुरवठ्याचा संथपणा पिण्याच्या चालीतून साधता येतो, त्यासाठी रेणूच बदलावा लागतो असे नाही.

मग या पूरकांची जागा कोणती? व्यायामाआधीच्या तासाभरात झटकन चढणारी साखर घेतली, तर काहींच्या रक्तात इन्सुलिन उसळते आणि पहिल्या काही मिनिटांत साखर खाली येते. अशा व्यक्तींना संथ कर्बोदक उपयोगी पडते. इन्सुलिन घेणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेही धावपटूंवर वेल्समध्ये झालेल्या अभ्यासांत धावण्याआधी घेतलेल्या आयसोमाल्टुलोजने साखरेची चढउतार कमी झाली. तिसरी जागा आहे ती लांबच लांब पण मंद श्रमांची. सायकलींच्या ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरावीक मुदतीत पुऱ्या करायच्या लांब फेरीला) ४० तासांची मुदत असते, म्हणजे थांबे धरून ताशी १५ किलोमीटर पुरतात, आणि इतक्या मंद गतीत चरबीचा वाटा आपोआप मोठा राहतो. पुणे–गोवा अशी सुमारे ६४० किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर, किंवा अमेरिका आडवी कापणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची रेस अक्रॉस अमेरिका यांसारख्या शर्यतींत तर खाणे हेच अर्धे कसब ठरते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका २०१५ मध्ये दोघांच्या संघाने, तर नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने पुरी केली. दिवसेंदिवस चालणाऱ्या अशा श्रमात कोणत्याही एका भुकटीवर निभत नाही. गोड पेयाची शिसारी येते आणि खारट, चावून खायचे अन्नच लागते.

मंद पण लांब श्रमांचे सर्वांत मोठे क्षेत्र मात्र कारखाना आणि शेत हेच आहे. उदाहरणार्थ, पुण्याहून येणारा महामार्ग तुमकुरूच्या बाजूने बेंगळुरूत शिरताना लागणारे पीण्या औद्योगिक क्षेत्र १९७० च्या दशकात उभे राहू लागले आणि यंत्रभागांपासून तयार कपड्यांपर्यंतच्या लहानमोठ्या कारखान्यांनी भरून गेले. अशा कारखान्यांत १९४८ च्या कारखाना अधिनियमाने सलग पाच तासांपेक्षा अधिक काम करवून घेण्यास मनाई केली आणि मध्ये किमान अर्ध्या तासाची सुट्टी बंधनकारक केली. लेथपाशी उभ्या कामगाराला दोन खाण्यांमधले हे पाच तास पार पाडायचे असतात आणि त्याच्या स्नायूंची मागणी धावपटूच्या मानाने फार थोडी असते. संथ कर्बोदकाची खरी गरज येथे आहे, आणि दक्षिण कर्नाटकाने ती रागीमुद्द्यात, म्हणजे नाचणीच्या उकडीच्या गोळ्यात शोधली. आधण आलेल्या पाण्यात नाचणीचे पीठ ढीग करून सोडतात, वाफ धरली की लाकडी दांड्याने गुठळी मोडेपर्यंत घोटतात आणि ओल्या हाताने चेंडूएवढा गोळा वळतात. खाताना त्याचा घास साराच्या रसात बुडवून न चावता गिळतात. घट्ट गोळा, पिठात दळला गेलेला कोंडा आणि त्या कोंड्यातील पिष्टपाचक विकरांना अडवणारी द्रव्ये, यांमुळे पोट बराच वेळ भरलेले राहते.

नाचणी म्हणजे सरसकट सावकाश, ही समजूत मात्र टिकत नाही. महाराष्ट्रात नाचणी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणतात, वाळवून भाजतात, दळतात आणि वस्त्रगाळ करून सत्त्व काढतात. मोड येताना दाण्यात पिष्ट तोडणारे विकर जागे होतात, कोंडा गाळणीत राहतो आणि खीर पातळ, गोडसर, लवकर पचणारी होते. बाळाला व आजाऱ्याला ती मानवते ती याच कारणाने. कर्नाटकातील रागी माल्टही याच जातीचा. लांब पल्ल्याच्या सकाळी पेलाभर माल्ट घेणारा धावपटू चांगलेच करतो, परंतु तो मुद्द्यासारखा टिकेल ही अपेक्षा चुकीची आहे. सातूचे पीठ आणि शेंगदाण्याची चिक्की यांचा संथपणा तर प्रामुख्याने डाळ्याच्या प्रथिनांतून आणि शेंगदाण्याच्या तेलातून येतो.

भारतात भुकटीच्या रूपातील क्रीडापूरकांना अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे २०१६ मध्ये केलेले आरोग्यपूरकांविषयीचे विनियम लागू झाले. वेष्टनावर ‘संथ’, ‘टिकाऊ’ असे काहीही छापलेले असले, तरी घटकसूचीत पहिले नाव मॅल्टोडेक्स्ट्रिनचे असल्यास ती भुकटी मुख्यतः झटकन पचणारीच असते. कोणतेही नवे पूरक शर्यतीच्या दिवशी प्रथमच घेऊ नये. आतड्यालाही सरावाने कर्बोदके पेलायची सवय लागते आणि त्यासाठी काही आठवड्यांचा अवधी द्यावा लागतो. फ्रुक्टोज न पेलण्याचा जन्मजात विकार असलेल्यांना आयसोमाल्टुलोज साखरेइतकेच घातक आहे, कारण त्याचा अर्धा रेणू फ्रुक्टोजचा असतो.